सावळ्या चेहऱ्याची अभ्यासप्रत : जुन्या चित्रावरून तैलरंगातलं पोर्ट्रेट शिकताना

तैलरंगात चेहरा रंगवायला शिकताना सुरुवातीलाच जिवंत माणूस समोर बसवू नये. माणूस हलतो, उजेड सरकतो, आणि रंग मिसळेपर्यंत गालावरची सावली निघून जाते. जुन्या उत्तम चित्रात उजेड थांबलेला असतो. कुठे रंग जाड हवा, कुठे पातळ, कुठली कडा विरघळवायची, हे सगळं कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. ते निर्णय एकेक करून पुन्हा घेत जाणं, हाच प्रत करण्याचा अभ्यास.

खान्देशाला हे काम अनोळखी नाही. अजिंठ्याची भित्तिचित्रं वर्षानुवर्षं लेण्यांत बसून तैलरंगात उतरवणाऱ्या रॉबर्ट गिल या ब्रिटिश चित्रकाराची कबर भुसावळला आहे. तो १८७९ साली वारला. त्याच्या बहुतेक प्रती त्याआधीच, १८६६ मध्ये, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या होत्या.

चित्र कोणतं घ्यावं

बहुतेक नवशिके एखादा गोरा युरोपीय चेहरा निवडतात. त्यातून गुलाबी-पांढरं मिश्रण हाताला बसतं, आणि मग घरातल्या माणसाचं पोर्ट्रेट करायला घेतलं की चेहरा राख फासल्यासारखा होतो. म्हणून इथे स्पॅनिश चित्रकार दिएगो वेलास्केझचं ‘हुआन दे पारेहा’ हे चित्र घेतलं आहे. ते १६५० साली रोममध्ये रंगवलेलं असून आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. मूळ आकार ८१.३ × ६९.९ सेंटिमीटर. पारेहा वेलास्केझच्या कार्यशाळेत गुलाम होता. त्याच वर्षी त्याच्या मुक्ततेच्या कागदावर सही झाली आणि पुढे तो स्वतः चित्रकार झाला. सावळा चेहरा, दाट काळे केस, दाढी-मिशा, पांढरी लेसची रुंद कॉलर, मागे करडा-मातकट रंग. शिकायला लागणारं जवळपास सगळं एका चित्रात आहे आणि रंग मोजकेच आहेत.

म्युझियमने या चित्राची मोठी प्रतिमा आपल्या संकेतस्थळावर खुली ठेवली आहे. तीच उतरवून घ्या. इतर ठिकाणी मिळणाऱ्या प्रतिमा कुणीतरी गडद किंवा पिवळट करून ठेवलेल्या असतात.

पूर्ण चित्र पहिल्यांदा करू नका. डोकं, कॉलर आणि खांद्याचा थोडा भाग एवढंच ३:४ प्रमाणात कापा. डिजिटल प्रिंटवाल्याकडे १३ × १९ इंची कागद असतो, त्यावर बरोबर १२ × १६ इंचाचा मॅट प्रिंट काढायला सांगा. कापताना केसांच्या टोकापासून दाढीपर्यंतचं अंतर साधारण ७ इंच राहील असं पाहा. कॅनव्हासही १२ × १६ चाच घ्यायचा, म्हणजे प्रिंट शेजारी ठेवून अंतरं थेट पडताळता येतात. ‘फोटो सुधारून देतो’ म्हणणाऱ्याला नको म्हणा, कारण त्यात सावल्या काळ्या होतात. सोबत एक कृष्णधवल प्रिंटही काढा, त्याचा फार उपयोग होतो.

सामान

रंग सातच घ्या: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, व्हर्मिलियन ह्यू, रॉ अंबर, बर्न्ट अंबर, आयव्हरी ब्लॅक. कॅमलसारख्या कंपनीच्या ४० मिलिलिटरच्या ट्यूब पुरेशा होतात. पांढरा तेवढा मोठा घ्या, तो सगळ्यात आधी संपतो. निळा आणि हिरवा मुद्दाम वगळला आहे. आयव्हरी ब्लॅकमध्ये पांढरा मिसळला की तो ऑकर आणि सिएनाशेजारी निळसर दिसतो, आणि काळ्यात ऑकर मिसळला की शेवाळी हिरवा मिळतो. या चित्राला एवढं पुरतं.

जुने चित्रकार शिशाचा पांढरा वापरत. तो विषारी आहे आणि आपल्याला त्याची गरज नाही. फक्त टायटॅनियम त्याच्यापेक्षा बराच जोरकस आणि थंड असतो हे ध्यानात ठेवा. जुन्या पुस्तकातलं प्रमाण वाचून तेवढाच टायटॅनियम घातलात तर मिश्रण पिठूळ होणार.

ब्रश हॉग हेअरचे, म्हणजे डुकराच्या राठ केसांचे, चपटे किंवा टोकाला गोलसर. कंपनीगणिक नंबर बदलतात, म्हणून रुंदी पाहून घ्या: ६, १० आणि १४ मिलिमीटर, प्रत्येकी दोन. एक उजेडाच्या रंगाला, दुसरा सावलीच्या. पार्श्वभूमीसाठी एक इंची चपटा, बारीक कामाला दोन नंबरचा गोल सिंथेटिक ब्रश, आणि एक पॅलेट नाइफ.

टर्पेंटाइनबाबत सावध राहा. हार्डवेअरच्या दुकानात सुटं मिळणारं कधीकधी भेसळीचं असतं. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी डाग किंवा चिकटपणा राहिला असेल तर ते चित्रात घालू नका, ब्रश धुण्यापुरतं ठेवा. रॉकेल तर नकोच, त्याचा तेलकट अंश मागे राहतो आणि रंग नीट पकड घेत नाही. तेल म्हणजे चित्रकारांसाठीचं शुद्ध केलेलं लिनसीड, अर्थात जवसाचं तेल. घाण्यावरचं जवसाचं तेल सुकतं खरं, पण त्यातल्या चिकट गाळामुळे रंग लवकर पिवळा पडतो. सरकीचं तेल अर्धवटच सुकतं आणि शेंगदाण्याचं सुकतच नाही.

जवसाचं तेल लागलेल्या चिंध्यांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. हे तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. चिंध्यांचा बोळा डब्यात किंवा कोपऱ्यात पडून राहिला तर ती उष्णता कोंडते आणि काडी न लावताही कापड पेटू शकतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या पत्र्याच्या खोलीत हा धोका आणखी वाढतो. काम संपलं की चिंध्या पाण्यात भिजवा, बाहेर एकेक पसरून कडक वाळू द्या आणि मगच टाका.

ऋतू, उजेड आणि धूळ

खान्देशात तैलरंगाला सगळ्यात चांगला काळ दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा. उन्हाळ्यात टर्पेंटाइन पॅलेटवरच उडून जातं आणि रंगावर लवकर साय धरते, त्यामुळे ओल्यात ओला रंग मिसळायला वेळ मिळत नाही. काम करायचंच असेल तर पहाटे सहा ते नऊ. पावसाळ्यात रंग रेंगाळत सुकतो आणि भिंतीला टेकवलेल्या कॅनव्हासच्या पाठीला बुरशी येते. मागून हवा खेळेल असा ठेवा. हिवाळ्याचीही एक अडचण आहे: याच दिवसांत जिनिंग चालू असतं. गावात जिन जवळ असेल तर कापसाचे तंतू उडत येऊन ओल्या रंगावर बसतात. काम झालं की कॅनव्हास तोंड भिंतीकडे करून तिरका ठेवा आणि पंखा बंद करा.

उजेड उत्तरेच्या खिडकीचा घ्यावा असं सगळेच सांगतात. आपल्याकडे त्यात एक खोच आहे. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारचा सूर्य इथे माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ तर उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येतं. तेव्हा पातळ पांढरा पडदा लावा. रात्री काम करणाऱ्यांनी ५००० ते ५५०० केल्विनचा आणि ९० च्या वर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेला एलईडी दिवा घ्यावा. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली मिसळलेला रंग सकाळी निळसर, आजारी दिसतो. प्रिंट आणि कॅनव्हास दोन्हींवर एकसारखा उजेड पडला पाहिजे.

कॅनव्हासची तयारी

बाजारातल्या तयार कॅनव्हासवर प्रायमरचा थर पातळ असतो. तो रंगातलं तेल शोषून घेतो आणि चित्रावर निस्तेज चट्टे पडतात. म्हणून अॅक्रिलिक जेसोचे, म्हणजे अस्तराच्या पांढऱ्या रंगाचे, आणखी दोन हात द्या, पहिला आडवा, दुसरा उभा. मध्ये तीन-चार तास जाऊ द्या आणि शेवटी २२० नंबरच्या पॉलिशपेपरने हलकं घासा. भिंतीचा प्रायमर चालणार नाही.

मग पांढरा रंग मोडायचा. अॅक्रिलिक रॉ अंबरमध्ये चिमूटभर काळा घालून, पाण्याने पातळ करून सगळीकडे फिरवा. शेणाने सारवलेली जमीन वाळल्यावर दिसते, तेवढा गडदपणा हवा. पांढऱ्या कॅनव्हासवर सावळा रंग नेहमी जास्त काळा भासतो, म्हणून नवशिका घाबरून तो उजळ करत जातो. तयार मध्यम रंगावर ती फसगत होत नाही. अॅक्रिलिक तैलरंगाच्या खाली चालतं, वर कधीच नाही.

रेखाटन

प्रिंटवर आणि कॅनव्हासवर दोन-दोन इंचांचे चौकोन आखा: आडवे सहा, उभे आठ. चेहऱ्याच्या भागात एकेक इंचाचे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना हा ग्राफ माहीत असतो. ट्रेस करू नका, प्रोजेक्टरही नको. डोळ्याने अंतर मोजायची सवय इथेच लागते आणि पुढे जिवंत माणसासमोर तीच कामाला येते.

आधी केस, चेहरा, कॉलर असे मोठे आकार सरळ रेषांनी कोळशात काढा. डोळे-नाक सगळ्यात शेवटी. मग तीन गोष्टी तपासा. दोन्ही डोळ्यांचे बाहेरचे कोपरे आणि हनुवटी यांचा त्रिकोण प्रिंटमधल्या त्रिकोणाशी जुळतो का? नाकपुडीच्या कडेपासून दोऱ्याला वजन बांधून लंब सोडला तर तो ओठांना कुठे छेदतो? पलीकडचा डोळा अलीकडच्याएवढाच रुंद झाला आहे का? ही शेवटची चूक जवळपास सगळ्यांची होते, कारण डोळे सारखे असतात हे आपल्याला ‘माहीत’ असतं. किंचित वळलेल्या चेहऱ्यात पलीकडचा डोळा अरुंदच दिसतो.

प्रिंट आणि कॅनव्हास दोन्ही उलटे करून पाहा, नंतर आरशात पाहा. दोन मिलिमीटरपेक्षा मोठी चूक सोडू नका. रंग चढवताना दुरुस्त करू म्हणणारा ती रंगात आणखी पक्की करतो. सगळं जुळलं की कोळसा झटका आणि रॉ अंबरमध्ये भरपूर टर्पेंटाइन घालून रेषा पक्क्या करा.

अंबरचा थर

यात तेल अजिबात नाही, फक्त रॉ अंबर आणि टर्पेंटाइन. रंग ताकाइतका पातळ. डोळे बारीक करून कृष्णधवल प्रिंट पाहा आणि सगळा चेहरा तीनच टोनमध्ये, म्हणजे गडद-उजळपणाच्या पायऱ्यांत, वाटा: सावली, मधला, उजेड. सावल्या एकसंध भरा. डोळ्याची खोबण, नाकाची बाजू, गालाची सावली एकमेकींना जोडलेल्या असतील तर जोडलेल्याच ठेवा. उजेडाच्या जागी चिंधीने रंग पुसून खालचा रंग उघडा करा.

दोन तासांत हे व्हायला हवं. त्याहून जास्त वेळ लागतोय म्हणजे तुम्ही पापण्या काढत बसला आहात. सहा फुटांवरून पाहिल्यावर माणूस ओळखू आला तर थर जमला. नसेल आला, तर पुढे कितीही चांगला रंग लावला तरी येणार नाही. अशा वेळी टर्पेंटाइनच्या चिंधीने सगळं पुसा आणि पुन्हा करा. अंबर लवकर सुकतो, दोन-तीन दिवस थांबलं की झालं.

रंग मिसळणं

या अभ्यासाचा गाभा इथे आहे, तेव्हा पहिल्या दिवशी फक्त रंगच मिसळा. पॅलेटवर पांढरा दोन सुपाऱ्यांएवढा, ऑकर एका सुपारीएवढा, सिएना आणि अंबर हरभऱ्याच्या तीन-चार दाण्यांएवढे, व्हर्मिलियन तुरीच्या दाण्याएवढा. नाइफने पाच ढीग करा.

उजेडाचा रंग: पांढरा ३, ऑकर २, सिएना १. उजेडाकडचा मधला टोन: पांढरा १, ऑकर २, सिएना १. सावलीकडचा मधला टोन: ऑकर २, सिएना २, पांढरा अर्धा आणि काळ्याचा ठिपका. सावली: बर्न्ट अंबर २, सिएना १, काळा अर्धा, पांढरा शून्य. चमक: पांढरा ६, ऑकर १. हे फक्त सुरुवातीचे अंदाज समजा. प्रत्येक कंपनीच्या रंगाचा जोर वेगळा असतो.

तपासायची पद्धत अशी. प्रिंटवर जाड पारदर्शक प्लास्टिक चिकटवा. मिसळलेल्या रंगाचा ठिपका त्या प्लास्टिकवर, नेमक्या त्या जागी ठेवा आणि डोळे बारीक करा. ठिपका नाहीसा झाला तर रंग बरोबर. दिसत राहिला तर आधी फक्त एकच प्रश्न: गडद आहे की उजळ? ते जुळल्यावरच विचारायचं, जास्त लाल आहे की जास्त हिरवट? दोन्ही एकदम दुरुस्त करायला गेलं की ढीग वाढत जातो आणि रंगाचा चिखल होतो.

सावळ्या त्वचेत दोन चुका हमखास होतात. उजळ करायला नुसता पांढरा घातला की रंग थंड आणि राखाडी होतो. पांढऱ्यासोबत दर वेळी थोडा ऑकर किंवा व्हर्मिलियनचा कण जायला हवा. दुसरी, गडद करायला नुसता काळा घालणं. त्याने सावली मेल्यासारखी दिसते. सावलीत अंबर आणि सिएनाची ऊब हवी, काळा फक्त मदतीला. आणि मधला टोन नीट पाहा. उजेड संपून सावली सुरू होते तिथे सावळी त्वचा जराशी शेवाळी-करडी होते. तिथे तपकिरी रंग लावलात तर गाल सपाट होणार.

पहिला रंगीत थर

पार्श्वभूमी आणि कपड्यापासून सुरुवात करा. रॉ अंबर, काळा, थोडा ऑकर आणि पांढरा. शेजारचा रंग बसल्याशिवाय चेहऱ्याचा टोन कळत नाही. केसांच्या कडेला मागचा रंग आणि केस एकाच बैठकीत, दोन्ही ओले असताना लावा. काही ठिकाणी केस मागच्या अंधारात विरघळले पाहिजेत. वाळलेल्या पार्श्वभूमीवर नंतर केस काढले की टोप घातल्यासारखे दिसतात.

मग सावल्या, पातळ. मग मधले टोन. शेवटी उजेड, लोण्याएवढा घट्ट. रंग एकमेकांशेजारी कौलांसारखे ठेवत जा, घोटू नका. एक फटका, ब्रश उचला, पुसा, पुढचा फटका. मऊ ब्रशने सगळं गुळगुळीत करायचा मोह होतो आणि त्यातच हाडांची ठेवण निघून जाते. दोन टोनांमध्ये सांधा कडक वाटला तर त्यांच्यामधला तिसरा टोन मिसळून तिथे ठेवा.

डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा नसतो. वरच्या पापणीची सावली त्यावर पडते. काळा, पांढरा आणि ऑकर यांचा करडा घ्या, गालावरच्या उजेडापेक्षा गडद. तो उजळ झाला की माणूस घाबरल्यासारखा दिसतो. बुबुळातली चमक एकच ठिपका, शेवटच्या बैठकीत. नाकाला रेषा नाही, त्याच्या बाजूचे टोन बदलतात एवढंच. दाढी आधी एक गडद आकार म्हणून लावा आणि गालाकडची कडा कोरड्या ब्रशने विरघळवा. केस काढायचे तर आठ-दहा पुरे.

पहिल्या, अंबरच्या थरात टर्पेंटाइनच वापरलं असेल. दुसऱ्या थरात तीन भाग टर्पेंटाइनला एक भाग लिनसीड, शेवटच्याला निम्मं-निम्मं. खाली कमी तेल, वर जास्त. उलट केलं तर वरचा थर आधी सुकून ताठ होतो, खालचा तेलकट थर हलत राहतो आणि काही वर्षांनी वर भेगा पडतात.

कॉलर

कॉलर पाहिली की लोक शुद्ध पांढरा घेतात. प्लास्टिकवर ठिपका ठेवून पाहा. बहुतेक भाग करडा निघेल, कुठे ऊबदार, कुठे निळसर. आधी सगळी कॉलर त्या मधल्या करड्यात भरा, घड्यांच्या सावल्या टाका, मग उजेडाच्या जागी जाड पांढरा. लेसची भोकं मोजू नका. काठावर ओल्या करड्यात गडद रंगाचे थोडे ठिपके आणि त्यांच्याभोवती जाड पांढऱ्याचे तुटक फटके ठेवा. जवळून गोंधळ दिसला तरी चालेल, सहा फुटांवरून लेस दिसली पाहिजे. इथे सगळ्यात जास्त रंग लागतो, कंजुषी केली की कॉलर कागदी दिसते.

दुसरी आणि तिसरी बैठक

आठवडाभराने बोट लावून पाहा. पांढरा आणि काळा उशिरा सुकतात. गडद भागांत मंद, भुरकट चट्टे दिसले तर घाबरू नका, तिथलं तेल खाली शोषलं गेलं आहे. लिनसीडचा अगदी पातळ हात चिंधीने लावा आणि जवळजवळ सगळा पुसून काढा. खरा गडदपणा परत दिसेल. हे न करता काम सुरू केलं तर भुरकट सावलीशी जुळवलेला नवा रंग पुढे फिका ठरतो.

आता फक्त चुका दुरुस्त करायच्या. गालाची, नाकाच्या टोकाची, कानाची लाली व्हर्मिलियनच्या कणाने. सावली थंड वाटली तर सिएनाचा पारदर्शक पातळ थर. कपाळावरची आणि नाकावरची चमक शेवटी, एकेका फटक्यात, आणि त्यावर पुन्हा ब्रश फिरवायचा नाही.

कामाच्या मध्ये मध्ये दहा मिनिटं बाहेर जाऊन या. परत येताना दारातूनच चित्र पाहा, सगळ्यात आधी जे खटकेल तेच दुरुस्त करा.

सुकवणं आणि मागची नोंद

गच्चीवर कडक उन्हात ठेवू नका. पण कपाटातही कोंडू नका, ताजं लिनसीड अंधारात पिवळं पडतं. उजेडाच्या खोलीत, सावलीत ठेवा. शेवटचं वार्निश किमान सहा महिन्यांनी, आणि पावसाळ्यात नाही: दमट हवेत वार्निशवर पांढुरकी झाक येते. पुढच्या बाजूला वेलास्केझची किंवा मूळ चित्र वाटेल अशी सही करू नका. मागे पक्क्या शाईने लिहा: ‘हुआन दे पारेहा, वेलास्केझ, १६५०, यावरून अभ्यासप्रत’, तुमचं नाव आणि तारीख. भारतात कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणून पुढची प्रत निवडताना कलाकार कधी वारला ते आधी पाहा.

हीच प्रत पुन्हा एकदा करा, दुसऱ्यांदा अंबरचा थर न देता थेट रंगात, एका दिवसात. मग घरातल्या आजोबांना पांढरी टोपी घालून खिडकीशेजारी बसवा, खिडकी त्यांच्यापासून चार-पाच फुटांवर आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडी उंच. मागे गडद घोंगडी टांगा. तेच सात रंग, तेच पाच ढीग, आणि कॉलरच्या जागी टोपी. दर पंचवीस मिनिटांनी त्यांना उठू द्या, आणि खुर्चीच्या पायांभोवती जमिनीवर खडूने खुणा करून ठेवा.